रील्सला आपलं गाणं-नाचणं दाखवायला कसं लावायचं

मी भांडुपला राहतो. दिवसा लोअर परळच्या एका ऑफिसात हिशेब लिहितो आणि सुटीच्या दिवशी जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या गोलात फिरून करायच्या गाण्या-नाचाच्या, मंडळात ढोलकी वाजवतो. मंडळातली, चाळीतली, गावाकडची माणसं भेटली की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: मोबाईलवर आपलं काही येत नाही. शक्ती-तुरा (जाखडीतला सवाल-जवाबांचा सामना) नाही, नमन (कोकणातलं लोकनाट्य) नाही, भजनाची बारी नाही. आलंच तर वीस सेकंदांचा तुकडा येतो, त्यावर गायकाचं नाव नसतं आणि गावाचंही नसतं.

हे बदलता येतं. सगळं नाही, पण बरंच. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे मोबाईल मी बाजूला बसून सुधारून दिले आहेत. तीच पद्धत इथे लिहितो आहे. जाखडी माझी म्हणून उदाहरणं जाखडीची. तुमचं कोळीगीत असेल, भीमगीत असेल, दशावतार असेल, कीर्तन असेल, रीत तीच.

आधी यंत्र काय बघतं ते समजून घ्या

पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे कोणी माणूस बसून ठरवत नाही. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली होती. अफाट साठ्यातून आधी तुमच्यासाठी काही शे व्हिडिओ वेगळे काढायचे आणि मग त्यांचा क्रम लावायचा, असे त्यात दोन टप्पे आहेत. वेगळे काढताना तुम्ही आधी काय पाहिलंत हे बघतात, आणि तुमच्यासारखं पाहणाऱ्या इतरांनी काय पाहिलं हेही. किती जणांनी दाबलं यापेक्षा किती वेळ पाहिलं याला यूट्यूबने २०१२ पासूनच जास्त वजन दिलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: व्हिडिओ किती वेळ पाहिला, लाइक किती जणांनी केलं आणि दुसऱ्याला किती जणांनी पाठवला. ओळखीबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर यातलं पाठवणं जास्त कामाला येतं, असंही त्यांनी सांगितलं.

म्हणजे तुम्हाला काय प्रिय आहे हे यंत्राला कळत नाही. तुमचा अंगठा कुठे थांबला, एवढंच त्याला कळतं. या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात ते मी आमच्या तात्यांच्या मोबाईलवर पाहिलं.

तात्या गिरणीत होते. आता सत्तरी ओलांडली आहे, पण झांज अजून सुटलेली नाही. एका रविवारी तालमीत चहा यायच्या वेळेला त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ रे जरा. आपल्याकडचा काय म्हणून येत नाय ह्याच्यात." मी म्हटलं, "तात्या, तुम्ही रोज बघता तसं बघा, मी नुसता बाजूला बसतो." त्यांनी सुरुवात केली. तिसरा-चौथा व्हिडिओ चक्क जाखडीचा निघाला. नाचे गोलात फिरतायत, पायांत चाळ, मधे शाहीर आणि ढोलकी. गणाची, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेची, पहिली ओळ कानावर पडली न पडली तोच तात्या म्हणाले, "हा म्हायताय मला," आणि वर सरकवलं. पुढे कोणीतरी भल्यामोठ्या तव्यावर डोसा पसरत होता. तात्यांनी कधी पाहिला नव्हता एवढा डोसा. तो पसरून, भाजून, गुंडाळून होईपर्यंत ते बघत राहिले.

जाखडीला दोन सेकंद, डोशाला पूर्ण वेळ. यंत्राने याचा अर्थ लावला तो लावलाच. जे आपल्याला पाठ आहे ते आपण ओळखतो आणि सोडून देतो. जे अनोळखी आहे त्यावर खिळतो. आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या गोष्टी मोबाईलवरून हटतात त्यामागे मला हे मोठं कारण दिसतं. आपल्याला त्या नको झाल्या म्हणून हे होत नाही. त्या इतक्या आपल्या आहेत की थांबून बघण्याची गरज वाटत नाही, म्हणून होतं.

तेव्हा पहिला नियम: माहीत असलेलं आलं तरी पूर्ण बघा. पाठ असेल तर सोबत म्हणा, पण अंगठा आवरा.

आधी साफसफाई

इन्स्टाग्रामवर नको ते फारच साचलं असेल तर सगळं एकदम पुसता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही सोय जाहीर झाली. सेटिंग्जमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस' उघडा, त्यात 'रीसेट सजेस्टेड कंटेंट' मिळेल. ॲप अपडेट झालं की नावं आणि जागा थोड्या इकडेतिकडे होतात, पण शोधलं की सापडतं. एकदा पुसलं की परत आणता येत नाही. तुम्ही फॉलो केलेली खाती मात्र तशीच राहतात. पुसल्यावरचे पहिले दिवस महत्त्वाचे: यंत्र तेव्हा नव्याने अंदाज बांधत असतं, आणि त्या दिवसांत गाडीत उभ्या उभ्या नुसतं सरकवत बसलात तर पुन्हा तेच साचतं.

एवढं टोकाला जायचं नसेल तर नको असलेल्या व्हिडिओवर तीन टिंबं दाबून 'नॉट इंटरेस्टेड' निवडा. सरकवून पुढे जाण्यापेक्षा हे स्पष्ट सांगणं आहे. विशिष्ट शब्द असलेल्या सुचवण्या टाळण्याची सोयही त्याच सेटिंग्जमध्ये आहे. आमच्याकडे एकीने तिथे एका मालिकेचं नाव टाकलं आहे.

यूट्यूबवर मी सगळं पुसायला सांगत नाही. तिथे पाहिलेल्याची यादी, म्हणजे 'हिस्टरी', उघडा आणि एकेक करून काढा. मुलाने लावलेली गाणी, चुकून उघडलेलं भांडण, कोणीतरी पाठवलेला औषधाचा नुस्खा, हे सगळं तिथे बसलेलं असतं आणि त्यावरूनच पुढचं ठरतं. एखादं चॅनेल पुन्हा नकोच असेल तर 'डोन्ट रेकमेंड चॅनेल' दाबा. हिस्टरी पूर्ण बंद करायचा मोह आवरा. ती बंद असली आणि मागचंही काही उरलेलं नसलं, तर ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबचं पहिलं पान रिकामंच दिसतं.

घरात एकच मोबाईल तिघे वापरत असतील, आणि आपल्याकडे तसं असतंच, तर यूट्यूबवर प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. जमत नसेल तर पाहुण्याच्या किंवा मुलाच्या हातात देताना 'इन्कॉग्निटो' चालू करा. त्या वेळात पाहिलेलं तुमच्या यादीत जात नाही.

मग शिकवणं

पुसून रिकामी झालेली जागा भरायची असते, आणि वाट बघत बसलं तर ती आपोआप नीट भरत नाही. शोधा. नुसतं 'मराठी गाणी' शोधून उपयोग नाही, त्यात जे आधीच लाखोंनी पाहिलंय तेच वर येतं. जितकं नेमकं लिहाल तितकं चांगलं: 'शक्ती तुरा सामना', 'जाखडी गवळण', 'नमन संकासुर', आणि पुढे तालुक्याचं नाव. संगमेश्वर, लांजा, राजापूर, गुहागर. गावाचं नाव टाकलंत तर त्याहून उत्तम. देवनागरीत शोधा आणि इंग्रजी अक्षरांतही शोधा, कारण व्हिडिओ टाकणारी पोरं नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं असतं. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांनी माइकचं चित्र दाबून मराठीत बोलावं. आमच्या तात्यांना ते फार आवडलं आहे.

सापडलेलं पूर्ण बघा. आवडलं तर लाइक करून थांबू नका; सेव्ह करा आणि ज्याला खरंच आवडेल अशा एखाद्याला तिथूनच पाठवा. इन्स्टाग्रामवर पाठवायचं असेल तर इन्स्टाग्राममधूनच पाठवा. व्हिडिओ उतरवून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला की तो ग्रुपपुरता फिरतो; ज्याने मूळ टाकला त्याच्या पदरात काही पडत नाही आणि यंत्रालाही काही कळत नाही.

आणि मोठे व्हिडिओ बघा. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. नमन रात्रभर चालतं. गण, गवळण, संकासुराचं सोंग, मग वगनाट्य, अशी त्याची चढण आहे. कोकणातल्या मंडळांनी कितीतरी पूर्ण प्रयोग यूट्यूबवर चढवून ठेवले आहेत. रविवारी दुपारी जेवणानंतर एखादा लावा, टीव्हीवर दिसत असेल तर टीव्हीवर. एक पूर्ण प्रयोग पाहिलात की सुचवण्यांचा रंग पालटतो, असा माझा अनुभव आहे.

तुकड्यात काय हरवतं आणि ते कसं परत मिळवायचं

जाखडीचं पद संपताना शेवटच्या कडव्यात कवीचं आणि गुरूचं नाव येतं. अभंगात 'तुका म्हणे' येतं तसंच. ती नाममुद्रा. पद कोणाचं, घराणं कोणतं, हे त्या ओळीवरून कळतं आणि जाणकार प्रेक्षक तिथे मान डोलावतो. आता रील कापणारा पोरगा कुठला भाग घेतो? धृपद आणि त्याच्यामागचा ढोलकीचा तुकडा. शेवटचं कडवं त्यात येत नाही, कधीच नाही. म्हणजे नेमकं नाव गळतं. वर इन्स्टाग्राम त्या आवाजाला 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणतं आणि पुढे व्हिडिओ टाकणाऱ्या खात्याचं नाव लावतं. त्याच आवाजावर पुढे शंभर जण नाचतात आणि प्रत्येकाच्या व्हिडिओवर ते खातं झळकतं. ज्याने रात्री जागून पद बांधलं तो शाहीर कुठेच नसतो. मला याचा मनापासून त्रास होतो.

उपाय बघणाऱ्याच्या हातात आहे. आवाजाच्या नावावर टिचकी मारा, त्या आवाजावरचे सगळे व्हिडिओ दिसतील. त्यात खाली कुठेतरी मंडळाचा स्वतःचा व्हिडिओ असण्याची बरीच शक्यता असते. नसेल तर कॉमेंट वाचा, गावचा कोणीतरी नाव लिहून गेलेला असतो. पदाची एक ओळ यूट्यूबवर शोधा. नाव सापडलं की त्या शाहिराचं किंवा मंडळाचं खातं फॉलो करा आणि मूळ रीलखाली नाव लिहा: पद अमुक शाहिरांचं, गाव अमुक. पुढच्या शोधणाऱ्याचं काम सोपं होतं.

दुसरी हानी जरा नाजूक आहे. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एक बाजू शक्तीची थोरवी गाते, दुसरी तुऱ्याची, म्हणजे शिवाची. पुराणातले दाखले देत सवाल-जवाब होतात. त्यात समोरच्याला चिमटेही काढतात. रंगमंचावर तो चिमटा तासाभराच्या वादात मिठाएवढा असतो. रीलमध्ये फक्त चिमटाच येतो, कारण त्यावर लोक थांबतात आणि खाली भांडतात. ज्याने सामना कधी पाहिला नाही त्याला वाटतं, शक्ती-तुरा म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना टोचून बोलणं. त्याहून वाईट म्हणजे काही नवे गाणारे तसंच गायला लागले आहेत. सवाल बांधायला वाचन लागतं. टोमणा लगेच जमतो आणि लगेच पसरतो.

म्हणून दुसरा नियम: राग आला तर कॉमेंट करू नका. यंत्राला राग आणि प्रेम यांत फरक कळेलच असं नाही. तुम्ही थांबलात, लिहिलंत, उत्तर वाचायला परत आलात, एवढी नोंद होते. शिव्या देणाऱ्या कॉमेंटनेही तो व्हिडिओ वर चढू शकतो. 'नॉट इंटरेस्टेड' दाबा आणि त्याच शाहिराचा एखादा पूर्ण सवाल-जवाब शोधून बघा.

मुंबईच्या गणपतीचंही हेच होताना दिसतं. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं मंडळ १९२० चं. त्याच्या आगमनाला आज केवढी गर्दी लोटते! मूर्तीचं मुख पहिल्यांदा दिसतं तेव्हा हजारो मोबाईल वर जातात आणि रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या फीडमध्ये तोच क्षण असतो. मी त्या गर्दीत वाजवलं आहे, तो आनंद खरा आहे. पण गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. मूर्ती लहान, साधी. उंची आणि रोषणाई नसली की रील पळत नाही, त्यामुळे तो तुमच्यापुढे आपोआप येणं कठीण. तसंच ६ डिसेंबरचं. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात, गायक पेटी-ढोलकी घेऊन भीमगीतं म्हणतात, माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेतात. रीलमध्ये बहुतेक वेळा वरून काढलेली गर्दी तेवढी येते. जे मोबाईल दाखवत नाही त्याचं नाव घालून शोधायचं, आणि जिथे पायी जाता येतं तिथे जायचं. गिरगाव आणि दादर आपल्यापासून लोकलने किती लांब आहेत?

मंडळांनी काय करावं

भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली, त्या दिवशी एकूण ५९ ॲप गेली. गावोगावच्या कितीतरी कलाकारांनी तिथे प्रेक्षक जमवले होते. ते खातं, ते व्हिडिओ सगळं एका रात्रीत हाताबाहेर गेलं. पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामचं रील्स आलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचं शॉर्ट्स. त्यातून मंडळांनी घ्यायचं ते एवढंच की मूळ चित्रीकरण स्वतःकडे हार्ड डिस्कवर ठेवायचं. ॲप आज आहे, उद्याचं कोणी सांगावं.

चित्रीकरणाला दोन मोबाईल लावा. एक आडवा, पूर्ण प्रयोगासाठी, स्टँडवर. दुसरा उभा, रीलसाठी. ढोलकीच्या धुमेच्या, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूच्या, समोर मोबाईल ठेवू नका, आवाज फाटतो आणि शाहिराचे शब्द बुडतात; झांजेपासूनही लांब, गाणाऱ्याच्या बाजूला ठेवा. शब्द ऐकू आले नाहीत तर जाखडीत उरलं काय?

कापताना धृपदासोबत नाममुद्रेचं कडवं घ्या. पूर्वी जागा अपुरी पडायची, आता ती सबब नाही: शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून आणि रील्सला जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे. तरीही कापावंच लागलं तर शाहिराचं आणि कवीचं नाव पडद्यावर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत राहू द्या. शॉर्ट टाकताना 'रिलेटेड व्हिडिओ'मध्ये पूर्ण प्रयोग जोडता येतो. ते केलंत तर वीस सेकंद पाहून उत्सुक झालेला माणूस थेट गणापासून बघायला जाऊ शकतो. इन्स्टाग्रामवर शाहिराचं खातं असेल तर 'कोलॅब' करा, म्हणजे व्हिडिओ दोघांच्या नावावर दिसतो. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ चढवू नका, इन्स्टाग्राम असे व्हिडिओ कमी सुचवतं. मंडळाचा व्हिडिओ दुसऱ्या कोणी उचलायच्या आत तुम्हीच तो टाका, कारण एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने मूळ टाकणाऱ्याला झुकतं माप द्यायचं जाहीर केलं आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. पहिल्या सेकंदात लोक थांबावेत म्हणून गण वगळून थेट द्रुत लयीत सुरुवात करायची, असा आग्रह हल्ली तरुण पोरं धरतात. रील कापताना मधूनच सुरू करा, हरकत नाही. पण रंगमंचावर आधी गण होईल, त्याच्या लयीत, पूर्ण. प्रयोग रीलला बेतायचा नाही, रील प्रयोगातून काढायची.

ॲपच्या सुचवण्यांवर सगळं सोडूही नका. इन्स्टाग्रामच्या नावावर टिचकी मारली की 'फॉलोइंग' येतं, तिथे फक्त तुम्ही निवडलेली खाती दिसतात. यूट्यूबवर 'सबस्क्रिप्शन्स' आणि घंटा. आणि प्रयोग कुठे आहे ते कळायला नाट्यगृहाबाहेरचा फलक अजून भरवशाचा आहे. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, गिरगावचं साहित्य संघ, जाता-येता नजर टाकत चला.

प्रयोग पाहून आलात आणि तुकडा टाकावासा वाटला तर खाली हे लिहा, आमच्या मंडळात आम्ही हाच नमुना वापरतो:

पद कोणतं, पहिली ओळ. कवी. शाहीर. ढोलकी आणि झांज कोणाची. मंडळ, गाव, तालुका. नाट्यगृह आणि तारीख. पूर्ण प्रयोग कुठे बघायला मिळेल. शेवटी दोन-तीनच हॅशटॅग, त्यात गावाचं नाव हवंच, आणि तेही देवनागरीत एकदा व इंग्रजी अक्षरांत एकदा.